फोटो रंगीत की काळा-पांढरा?

आज बचत, कर्ज, व्याज बाजूला ठेवू आणि फोटोबद्दल बोलू. फोटो रंगीत घ्यावा की काळा-पांढरा? तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? पण ह्याच्यापायी आमच्या गटातल्या एका काकूंचे आठ दिवस वाया गेले, म्हणून सांगते.

काकूंच्या सोयाबीनची पानं पिवळी पडत होती. मुलानं मोबाइलवर फोटो काढला. रंगीत प्रिंट महाग पडते, म्हणून काळी-पांढरी काढली आणि ती घेऊन काकू सल्ला विचारायला गेल्या. कागदावर पान नुसतं करडं. समोरच्यानं पाहून सांगितलं, पाण्याचा ताण असेल, थांबा. आठ दिवसांनी बैठकीत मी मोबाइलमधला मूळ फोटो पाहिला, तर हिरव्या पानावर पिवळे चट्टे! तो पिवळा मोझॅक निघाला. हा रोग पांढरी माशी पसरवते, म्हणून रोगट झाडं सुरुवातीलाच उपटून टाकायची असतात. तीच वेळ गेली. काकू म्हणाल्या, "बाई, मले तं पिवळं दिसून रायलं होतं, कागदावर कुठी गेलं?"

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. जिथं रंगच माहिती सांगतो, तिथं फोटो रंगीतच हवा. पिकावरचा रोग, बोंडातली गुलाबी अळी, अंगावरचं पुरळ, गटाची विकायची हळद, तिखट, लोणचं. हे फोटो दिवसाच्या उजेडात काढा. निळ्या ताडपत्रीखाली हळदीवर निळी झाक येते आणि पिवळ्या बल्बखाली पांढरे पापडही पिवळे दिसतात.

दुसरी गोष्ट झेरॉक्सची. फोटोवर लाल पेनानं गोल केला, तर झेरॉक्समध्ये तो काळाच येतो. मग "लाल गोलात पाहा" लिहून उपयोग काय? त्यापेक्षा बाण काढा, बाजूला अ, ब लिहा.

मग काळा-पांढरा फोटो कामाचा नाही का? आहे ना. माझ्या आजीचा तसा एक फोटो आहे. त्यात लुगडं, भिंत काही मधे येत नाही. नजर थेट तिच्या चेहऱ्यावर जाते. होमाई व्यारावाला आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तपत्र छायाचित्रकार. मुंबईत शिकल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून यायचे! स्वातंत्र्याच्या काळातले त्यांचे गाजलेले फोटो काळे-पांढरेच आहेत. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

आणखी एक गंमत. आजीचा फोटो अजून स्वच्छ आहे, पण माझ्या आईच्या लग्नाचे रंगीत फोटो लालसर होऊन गेले. कारण जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोत चांदीचे बारीक कण असायचे, ते टिकतात. रंगीत फोटोतले रंग उजेडानं आणि काळानं उडतात. म्हणून रंगीत फोटो उन्हाच्या भिंतीवर लावू नका. पण आजच्या झेरॉक्समध्ये चांदी नसते बरं का. तेव्हा टिकावा म्हणून काळी-पांढरी झेरॉक्स काढून ठेवायची, असं करू नका.

शेवटचं. मोबाइलमधला रंगीत फोटो कधीही काळा-पांढरा करता येतो, पण मूळ पुसला तर खरा रंग परत येत नाही. मोबाइल जुन्या फोटोत रंग भरून देतो, पण तो अंदाज असतो. आजीचं लुगडं हिरवं होतं की जांभळं, ते त्याला कुठून माहीत? ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाच माहीत.

तर ह्या आठवड्यात एवढं करा. घरातला एक जुना फोटो काढा, सासूबाईंना किंवा आजीला विचारा, "हे लुगडं कोणत्या रंगाचं होतं?" आणि फोटोच्या मागे पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहून ठेवा. नावंही लिहा. सांगणारी माणसं आहेत, तोवर विचारून घ्या.