रेशमाचा डिंक



आम्ही विज्ञानाचे पदवीधर नव्हे. संघटनेचे काम करता करता जे वाचले, तेवढीच आमची विद्या. परंतु ज्या मालाला कामगाराचे हात लागतात, त्याचे खरे मोल काय, हे विचारण्याचा आमचा हक्क आम्ही सोडलेला नाही.

रेशमाच्या तंतूत मुख्यतः दोन प्रथिने असतात. आतला बळकट धागा म्हणजे फायब्रॉइन आणि त्यावरचा डिंकासारखा लेप म्हणजे सेरिसिन. साबण-सोड्याच्या पाण्यात उकळून हा लेप काढल्यावाचून रेशमाला मऊपणा व झळाळी येत नाही. चार किलो कच्च्या रेशमातून असा सुमारे एक किलो माल निघतो आणि बहुधा गटारात जातो!

आता पेशीकडे वळू. प्राणवायूवाचून आपण जगत नाही. पण त्याच प्राणवायूपासून शरीरात काही उपद्रवी द्रव्येही उपजतात. शरीर त्यांचा बंदोबस्त करीतच असते. तो अपुरा पडला, की तेल खवट व्हावे तसा पेशीच्या वेष्टणातील स्निग्धांश बिघडतो. सेरिसिन हा बिघाड रोखते, असे जपानी संशोधकांनी १९९८ साली परीक्षानळीत दाखविले. हा बिघाड चेतविणाऱ्या लोह-ताम्रासारख्या धातूंना ते बांधून ठेवीत असावे, असा तर्क आहे.

पुढे २००८ साली खरगपूरच्या आय. आय. टी.तील संशोधकांनी टसरच्या कोशातील सेरिसिन घेतले. कातडीच्या पेशी आधी त्यात ठेवल्या आणि मग त्यांवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा मारा केला. त्या पेशींची हानी कमी झाली. हा टसर आपल्याला परका नाही. भंडारा-गडचिरोलीच्या रानात ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर हाच किडा पोसला जातो.

मात्र काचपात्रातील पेशी म्हणजे माणूस नव्हे. एवढ्यावरून कोणी रोग बरा करण्याची पुडी विकू लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

आमचा प्रश्न निराळा आहे. आज जे सांडपाणी आहे, त्याला उद्या भाव आला, तर तो भाव कोणाच्या पदरात पडणार? रानात कोशांची राखण करणाऱ्याच्या, उकळत्या पाण्यातून धागा काढणाऱ्या बाईच्या, की केवळ मलमाची बाटली भरणाऱ्याच्या? विज्ञान मोल दाखवून देते. वाटणी न्यायाने व्हावी, हे पाहणे तुमचे-आमचे काम आहे. ते भाव येण्याआधीच सुरू करावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.