चाकांवरची काळी पूड

गाडी लख्ख धुतली, तरी पुढची चाकं काळपटच राहतात. असं का होतं? ब्रेक दाबला की पॅड बिडाच्या डिस्कवर घासले जातात आणि दोन्हींची बारीक पूड उडते. तापलेले लोहकण रिमला चिकटतात, पावसाळ्यात गंजतात आणि रंगावरच्या लॅकरमध्ये रुतून बसतात. ब्रेकचा जास्त भार पुढच्या चाकांवर येतो. शिवाय अनेक गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात, त्यांची बरीचशी पूड ड्रममध्येच अडकते. आंबोलीसारखा घाट उतरून आलात, तर हा फरक लगेच दिसतो.

आता सफाई. गाडी सावलीत लावा, चाकं पूर्ण गार होऊ द्या. पूड हवेच्या झोताने उडवू नका. ती श्वासात जाते. आधी पाण्याने भिजवा. मग गाडीचा शांपू आणि मऊ ब्रश घेऊन नटांचे खळगे, आऱ्यांच्या मागची बाजू घासा. तरीही तपकिरी ठिपके राहिलेच, तर हातमोजे घालून लोहकण विरघळवणारं, आम्ल नसलेलं व्हील क्लीनर फवारा. थोड्याच वेळात जांभळे ओघळ उतरू लागले, की समजा औषध लागू पडलं. ते वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवा. संडास साफ करायचं ॲसिड किंवा तारेची घासणी मात्र नको. अलॉयवर कायमचे डाग आणि ओरखडे पडतात.

चाकं पुसून मेणाचा हात द्या. आणि निघताना गाडी हळू चालवत दोनचारदा ब्रेक दाबा. ओली डिस्क सुकल्याशिवाय वेग घेऊ नका.