खाडा कोणाचा, भरपाई कोणाला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



समाजवाद्यांच्या अभ्यासवर्गात रग्बीचे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. परंतु ‘रग्बी लीग’ हा खेळ जन्मला तोच मुळी मजुरीच्या प्रश्नातून. उत्तर इंग्लंडमधील खाणकामगार व गिरणीकामगार सामना खेळावयास गेले की त्यांचा खाडा पडे आणि मजुरी बुडे. ती भरून देण्याची मागणी रग्बीच्या सूत्रधारांनी १८९३ साली २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळली. खेळ हौसेसाठी असतो, पैशासाठी नव्हे, हे त्यांचे तत्त्वज्ञान. ज्याच्या घरची चूल मजुरीवाचून पेटते, त्यालाच ते परवडते. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे उत्तरेकडील क्लब फुटून निघाले आणि त्यांनी खाड्यापोटी दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई मान्य केली. काचकारखान्यांच्या सेंट हेलेन्स गावचा क्लब त्यांत होता.

त्याच सेंट हेलेन्सच्या महिला संघाचे कर्णधारपद भूषविलेल्या जोडी कनिंगहॅम यांची कारकीर्द मला आपल्यापुढे ठेवावयाची आहे. २०२१ साली इंग्लंडमधील सर्वोत्तम महिला खेळाडूचा ‘वुमन ऑफ स्टील’ किताब त्यांना मिळाला. १२ ऑगस्ट २०२३ रोजी वेम्बली मैदानावर त्यांच्या संघाने लीड्सला २२-८ असे हरवून चॅलेंज चषक जिंकला. पुरुषांचा अंतिम सामना वेम्बलीवर प्रथम झाला १९२९ साली; महिलांच्या वाट्याला ते मैदान यावयास आणखी ९४ वर्षे लागली.

मानधनाची कथाही तीच. इंग्लंडमधील मोजक्या क्लबांनी महिलांना सामन्यांचे पैसे देण्यास आरंभ केला तो २०२३ च्या सुमारास. तोवर दिवसा नोकरी, रात्री सराव. १८९५ चे तत्त्व कामगाराच्या मुलाला लागू झाले, मुलीला नव्हे. कारण खाडा मोजला जातो तो मजुरीचा. घरकामाला मजुरीच नाही, मग त्याचा खाडा कोण मोजणार?

याचे फळ १ मार्च २०२५ रोजी लास व्हेगासमध्ये दिसले. कनिंगहॅम यांच्या नेतृत्वाखालील इंग्लंडला ऑस्ट्रेलियाने ९०-४ असे हरविले. इंग्लंडच्या मुली धैर्यात कमी पडल्या, असे कोणी म्हणू नये. ऑस्ट्रेलियात महिलांची राष्ट्रीय लीग २०१८ साली चार संघांनिशी सुरू झाली. २०२३ साली तेथील खेळाडूंच्या संघटनेने लढून सामुदायिक करार मिळविला. त्यात प्रथमच स्त्री-पुरुष एकत्र आले आणि महिलांसाठी वार्षिक किमान वेतन ठरले. ही रक्कम चैनीची नाही. परंतु सरावाचे तास तीतून विकत घेता येतात. ९० विरुद्ध ४ हा फरक मुख्यतः त्या तासांचा आहे.

यावर आक्षेप येतो : महिलांच्या सामन्यांना उत्पन्न नाही, मग वेतन कोठून द्यावयाचे? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा युक्तिवाद परिचित आहे. बाल्यावस्थेतील उद्योगाला संरक्षण द्यावे लागते; त्याच्या उत्पन्नाची वाट पाहत भांडवल अडवून धरले, तर उत्पन्न कधीच येत नाही. पुरुषांच्या खेळामागे शतकाहून अधिक काळाची गुंतवणूक आहे. त्या गुंतवणुकीचे फळ दाखवून स्त्रियांना ‘तुमची पात्रता नाही’ म्हणणे, हे बी न पेरता शेताला नापीक ठरविण्यासारखे आहे.

शेवटी आपल्याविषयी. मोर्चाच्या दिवशी बुडालेल्या मजुरीचा हिशेब आपण करतो, तो केलाच पाहिजे. परंतु शिबिराचा स्वयंपाक, निधीची वणवण आणि कार्यकर्ता तुरुंगात असताना त्याचा संसार ज्यांनी रेटला, त्यांचा खाडा आपल्या कोणत्या वहीत आहे? हडर्सफील्डच्या सूत्रधारविरोधकांना जे सुचले नाही, ते आपल्यालाही अद्याप पुरतेपणी सुचलेले नाही. पुढच्या बैठकीत कार्यक्रमपत्रिकेवरील पहिला विषय हा असावा, एवढीच माझी विनंती आहे.