बालिकेची साक्ष आणि कुळाची अब्रू



श्रींच्या सभामंडपात हा विषय निघावा, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु जी गोष्ट माजघरात दडपली जाते, तिचा उच्चार कोठेतरी व्हावयास हवाच.

26 मार्च 1972 च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका पोरक्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. वय अवघे चौदा ते सोळा. आप्त दाराबाहेर ताटकळत होते आणि आरोपी होते ठाण्यातीलच शिपाई! सत्र न्यायालयाने 1974 साली त्यांस सोडले. नागपूर खंडपीठाने 1976 साली शिक्षा दिली. भीतीपुढे मान तुकविणे म्हणजे संमती नव्हे, हे त्या खंडपीठाने ओळखले होते. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने, मुलीच्या अंगावर जखमा नाहीत या व अशा कारणांस्तव, ती शिक्षा रद्द केली.

एवढ्यावर प्रकरण मिटावयाचे. परंतु सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार या चार विधिज्ञ प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांस अनावृत पत्र धाडले. (वसुधाबाई या लेखिका गीता साने यांच्या कन्या.) पुढील वर्षी स्त्रिया गावोगावी रस्त्यावर उतरल्या. 1983 साली कायदा बदलला: कोठडीतील अत्याचारात 'माझी संमती नव्हती' असे स्त्रीने सांगितल्यास न्यायालयाने ते गृहीत धरावे, खटला बंद दालनात चालावा, तिचे नाव छापू नये. ज्या मुलीमुळे हे घडले, तिच्या पदरी मात्र काहीच पडले नाही.

2012 च्या बालसंरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या संमतीचा प्रश्नच निकालात काढला. जबाब घेणाऱ्या अधिकाऱ्याने गणवेश घालू नये, मुलीस वारंवार न्यायालयात बोलावू नये, आरोपी तिच्या दृष्टीस पडू नये, अशी त्यात तरतूद आहे.

आता आपल्या घरांविषयी. अपराधी पुष्कळदा परका नसतो. मामा, काका, शिकवणीचे मास्तर, कोणीही असू शकतो. अशा वेळी वडीलधारी मंडळी 'कुळाची अब्रू' म्हणून मुलीसच आजोळी धाडतात आणि तो गृहस्थ मात्र पुढील उत्सवास पालखीला खांदा देतो. अब्रू गेली असेल तर ती त्याची, मुलीची कशी? शिवाय असा प्रकार ठाऊक असून न कळविणे हाही त्याच कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यातून देवस्थानची समितीही सुटत नाही. 1098 या क्रमांकावर कोणासही कळविता येते. कळविणाऱ्याने पुरावा जमविण्याची आवश्यकता नाही.