पायांची निगा, परिचारिका आणि कायदा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलायला या, एखादा आरोग्याचा विषय घ्या, असे चिटणीसबाईंनी कळविले. मी विषय सांगितला तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "पाय? समारंभाच्या दिवशी पाय?" मी म्हटले, "होय बाई, पायच. आपण देवाच्या पायांवर डोके ठेवतो, वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो, लग्नात जावयाचे पाय धुतो. पण घरातल्या म्हातारीचे तळवे आपण शेवटचे कधी पाहिले, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी किती जणींना उत्तर देता येईल?" त्यांनी मग विषय मान्य केला.

मी ३४ वर्षे परिचारिकेची नोकरी केली. आज जे सांगणार आहे ते मात्र रुग्णालयात घडलेले नाही. ते आमच्याच चाळीत घडले, आणि त्यात माझाही वाटा आहे. म्हणून ते आधी सांगून टाकते.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहत. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह वीस वर्षांचा, दृष्टी अधू. कंबर वाकेना, त्यामुळे पायांच्या बोटांपर्यंत हात पोहोचत नसे. नखे वाढून जाड झाली होती आणि अंगठ्याचे नख कडेने मांसात रुतू लागले होते. सुनेला कापायची भीती वाटे. एका रविवारी काकूंनी मला हाक मारली आणि म्हणाल्या, "अगं, तू नर्स ना? एवढी नखे काप. तुझ्या हाताला सवय आहे."

मी नाही म्हटले. उद्धटपणाने नव्हे. मी म्हटले, "काकू, तुम्हाला साखर आहे. डॉक्टरांनी लिहून दिल्याखेरीज मी हात लावणे बरे नव्हे. तुम्ही बाह्यरुग्ण विभागात या, मी तिथे लवकर दाखवून देईन." आम्हां परिचारिकांना नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हेच शिकविले होते की, घरी जाऊन कुणाला हात लावू नये, उद्या काही बरेवाईट झाले तर पाठीशी कोणी उभे राहत नाही.

काकू आल्या नाहीत. कशा येणार? तीन जिने उतरायचे, रिक्षा करायची, सकाळभर रांगेत बसायचे, आणि तेही कशासाठी, तर नखासाठी! त्यांनी मुलाच्या दाढीच्या पात्याने स्वतःच चाचपत नख कापले. थोडे मांस कापले गेले. ते त्यांना कळलेही नाही. तीन आठवड्यांनी घरात वास येऊ लागला तेव्हा सुनेने चादर दूर करून पाहिले. आधी अंगठा गेला, आणि मग गुडघ्याखालून पाय.

मी भेटायला गेले तेव्हा मान वर करून बघण्याचा मला धीर होईना. काकूंनी मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाल्या, "आता येशील तेव्हा या उरलेल्या पायाकडे बघत जा."

त्या वाक्याने मला बरेच काही शिकविले. मी काकूंच्या डॉक्टरांकडे गेले आणि त्यांच्याकडून एक चिठ्ठी लिहून घेतली: अमुक रुग्णाचा पाय दर आठवड्याला तपासावा, नखे सरळ कापावीत, जखम किंवा रंगात बदल दिसल्यास त्याच दिवशी कळवावे. चार ओळींची चिठ्ठी. पण ती हाती आल्यावर माझी भीती गेली. काकू त्यानंतर सहा वर्षे जगल्या आणि तो दुसरा पाय शेवटपर्यंत त्यांच्या सोबत होता.

भगिनींनो, ती चिठ्ठी हाच माझा कायदा होता. अशी चिठ्ठी एखाद्या देशाने आपल्या साऱ्या परिचारिकांसाठी लिहिली आहे काय, याचा मग मी शोध घेऊ लागले.

त्याआधी एक शंका दूर करते. नख कापायला कायदा कशाला हवा, असे तुम्हांला वाटेल. मधुमेह पुष्कळ वर्षे राहिला की पायांच्या नसा बधिर होतात आणि रक्ताचा पुरवठाही कमी होऊ शकतो. काटा टोचला, चटका बसला, चप्पल लागली तरी कळत नाही, आणि झालेली जखम लवकर भरत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हीच गोष्ट जगापुढे मांडली. हातापायांची बोटे आपोआप झडत नाहीत. दुखणे कळत नसल्यामुळे इजा होत राहते आणि त्या इजांनी ती झिजतात. रात्री झोपेत उंदीर बोटे कुरतडून जात आणि रुग्णाला जाग येत नसे, हेही तिथे दिसून आले. बधिर पाय राखण्याचे जे ज्ञान कुष्ठरोगाने दिले तेच पुढे मधुमेहींच्या पायांना उपयोगी पडले. आपल्या देशात मधुमेही किती? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज १० कोटी १० लाखांचा आहे. अशा पायावर चुकीचा हात पडला तर अनर्थ होतो, ही डॉक्टरांची काळजी खरी आहे. कुणाचाच हात पडला नाही तरीही अनर्थ होतो, हे काकूंच्या पायाने दाखविले. कायद्याची गरज आहे ती या दोन अनर्थांच्या मधली वाट आखून देण्यासाठी.

जपानने ही वाट बरीचशी आखली आहे. तेथे म्हाताऱ्या माणसांची संख्या फार, आणि घरोघरी जाणारे सेवक आहेत. परंतु नख कापणे हे 'वैद्यकीय कृत्य' ठरते की काय, या धास्तीने ते हात आखडून घेत. २६ जुलै २००५ रोजी तेथील आरोग्य मंत्रालयाने एक परिपत्रक काढले. नखात दोष नसेल, भोवतालच्या त्वचेत पू किंवा दाह नसेल आणि मधुमेहासारख्या रोगामुळे तज्ज्ञांच्या देखरेखीची गरज नसेल, तर नेलकटरने नख कापणे आणि कानशीने घासणे हे सर्वसाधारणपणे वैद्यकीय कृत्य नव्हे, असे त्यात लिहिले आहे. किती साधे वाक्य! पण त्याने एक रेघ ओढली. रेघेच्या अलीकडचे काम साध्या सेवकाचे, पलीकडचे काम जाणत्या हाताचे.

पलीकडच्या कामासाठी परिचारिका आहे. जपानच्या १९४८ च्या कायद्याने रुग्णाची शुश्रूषा आणि उपचारांत साहाय्य ही दोन्ही कामे तिच्याकडे दिली. १९९२ पासून तेथे घरी जाणाऱ्या परिचारिकांची केंद्रे निघाली. डॉक्टर लेखी सूचना देतो आणि ती घेऊन परिचारिका घरी जाते. म्हणजे माझ्या काकूंची चिठ्ठीच, फक्त तिला सरकारी रूप आलेले! पुढे २००८ साली, प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेने मधुमेही रुग्णाच्या पायांची निदान अर्धा तास निगा राखली तर त्याचे शुल्क आरोग्यविम्यातून मिळावे, अशी तरतूद झाली. ती मात्र रुग्णालयात येणाऱ्यांसाठी होती. जिना उतरू न शकणाऱ्यांचा प्रश्न तिने सुटला नाही, हेही सांगितले पाहिजे.

आता अमेरिकेकडे पाहा. तेथे परिचारिकांचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा, त्यामुळे परिचारिकेने काय करावे याची कक्षाही राज्याराज्यांत निराळी. पायांच्या निगेचे खास शिक्षण घेतलेल्या परिचारिका तिथे आहेत आणि त्या घरीही जातात. परंतु वृद्धांसाठी असलेली मेडिकेअर ही सरकारी विमा योजना नखे कापणे, घट्टे काढणे अशा नेहमीच्या निगेचा खर्च सहसा देत नाही. काही विशिष्ट आजारांनी पाय धोक्यात आलेल्यांना तेवढा अपवाद आहे. यातून मी एवढे घेतले की, नुसत्या परवानगीने काम भागत नाही. परवानगी आहे पण पैसा कोण देणार हे ठरलेले नाही, तर ती सोय पैसेवाल्यांचीच होते.

इतके दूर जायचे नसेल तर आपले केरळ राज्य पाहा. २००८ साली केरळने असाध्य रुग्णांच्या शुश्रूषेचे धोरण जाहीर केले. तेव्हापासून गावोगावच्या पंचायतींच्या आधाराने परिचारिका अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जातात, जखमा धुतात, बरोबर आशा सेविका आणि गावातले स्वयंसेवक असतात. आपल्या देशात परिचारिकेला सन्मानाने उंबरठा ओलांडता येतो, हे केरळने दाखवून दिले आहे.

मग आपल्याकडे कायदा काय म्हणतो? आपल्या राज्यात १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम आहे, देशासाठी १९४७ चा इंडियन नर्सिंग कौन्सिल कायदा होता. त्यांचा भर शिक्षण, नोंदणी आणि परिषदांची रचना यांवर. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला. त्याच्या उद्देशात शिक्षणाच्या जोडीला 'सेवा' हा शब्द आहे: परिचारिकांच्या सेवांचा दर्जा राखणे. मला त्या एका शब्दात दार किलकिले झालेले दिसते. २०२१ च्या दुसऱ्या एका कायद्याने पादचिकित्सक हा व्यवसाय आरोग्यसेवकांच्या यादीत घातला आहे; आणि २०१९ च्या वैद्यक आयोगाच्या कायद्याने, पात्र ठरलेल्या आरोग्यसेवकाला मर्यादित परवाना देता येईल असे कलम ठेवले आहे. मर्यादा आखून विश्वास टाकणे आपल्या कायद्याला अगदीच परके नाही. फक्त जिना न उतरू शकणाऱ्या मधुमेही आजीचे नाव त्यात कुणी घातलेले नाही.

ते घालायचे झाले तर काय लिहावे? माझ्या अल्पबुद्धीला पाच गोष्टी सुचतात. पहिली, नोंदणीकृत परिचारिकेने पायांच्या निगेचे ठराविक शिक्षण घेतलेले असावे. दुसरी, तिने काय करावे हे स्पष्ट लिहावे: पाय तपासणे, संवेदना पाहणे, नखे कापणे व घासणे, वरवरचा घट्टा घासणे, घरच्यांना शिकविणे. तिसरी, काय करू नये तेही लिहावे: जखम कापू नये, रुतलेले नख खणू नये, काळा-निळा पडलेला पाय दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे. चौथी, डॉक्टरांची सूचना आणि परिचारिकेची नोंद, दोन्ही लेखी असाव्यात. आणि पाचवी, तिचे मानधन कोण देणार व परक्या घरात एकट्या जाणाऱ्या या बाईच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, हे ठरावे. ही पाचवी गोष्ट विसरली तर बाकीच्या चार कागदावरच राहतील.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपण हातावर हात ठेवून बसायचे काय? मुळीच नाही. रोज सांजवात झाल्यावर घरातल्या मधुमेही माणसाचे पाय उजेडात पाहावेत; तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या कराव्यात, नाहीतर चिखल्या होतात. तेल किंवा मलम टाचांच्या भेगांना लावावे, बेचक्यांत नको. नखे सरळ कापावीत, कोपरे कोरू नयेत. चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, खिळा पाहावा. घरातही अनवाणी फिरू देऊ नये. उन्हाने तापलेल्या देवळाच्या फरशीवर तर मुळीच नाही.

आणि आपली काही जुनी औषधे अशा पायांना वर्ज्य समजावीत. कुरुपाला बिब्बा लावू नये, पात्याने तासू नये, भोवरीवर बाजारची पट्टी चिकटवू नये. गरम पाण्यात पाय बुडवून बसवू नये, तव्यावरच्या फडक्याने शेकू नये. बधिर पायाला चटका कळत नाही. आणखी एक गोष्ट खास बायकांची. पाय सुजले की जोडवी बोटात रुततात. सौभाग्याचे लेणे म्हणून म्हाताऱ्या बायका ती काढू देत नाहीत आणि खाली जखम होते. त्यांना प्रेमाने समजवा. जोडवी सैल करून घेतली किंवा देवाजवळ ठेवली म्हणून सौभाग्य कमी होत नाही. बोट मात्र वाचते.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्या मंडळात सेवानिवृत्त परिचारिका माझ्याप्रमाणे आणखीही आहेत. या विभागातल्या घराबाहेर पडू न शकणाऱ्या मधुमेही वृद्धांची यादी आपण करू. त्यांच्या त्यांच्या डॉक्टरांकडून लेखी चिठ्ठ्या मिळवू आणि त्या चिठ्ठ्यांत लिहिले असेल तेवढेच करू. वर्षभरात आलेला अनुभव मांडून मग आपल्या आमदारांकडे आणि राज्याच्या परिचर्या परिषदेकडे ठराव पाठवू. अनुभव पाठीशी असला म्हणजे ठरावाला वजन येते.

काकू आज नाहीत. परंतु कुणाच्याही घरी गेले की माझी नजर आधी माणसाच्या पायांकडे जाते, ती त्यांच्यामुळे. आज घरी गेल्यावर तुम्हीही एकदा सासूबाईंचे, आईचे, किंवा तुमचे स्वतःचे पाय उजेडात धरून पाहा. तेवढे केलेत तर माझे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.