आई शाळेतून काय घेऊन जाते?

सुरत शहराच्या आग्नेय बाजूस, खानदेशाकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत, नवागाम आणि डिंडोली हा दाट वस्तीचा भाग आहे. धुळे, नंदुरबार व जळगाव या जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे येथे आणि आसपास स्थायिक झाली आहेत. कोणी यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करतो, कोणी कापड रंगविण्याच्या गिरणीत राबतो. घरी स्त्रिया साड्यांना खडे आणि टिकल्या लावण्याचे काम नगावर घेतात. या सर्व कष्टांच्या मुळाशी बहुधा एकच आशा असते: मुलाने शिकावे, आपल्यासारखे त्याने मागापाशी उभे राहू नये.

अशा एखाद्या घरातील आठ वर्षांचा मुलगा एका सोमवारी शाळेत जाण्याचे नाकारतो, अशी कल्पना करावी. सकाळी त्याच्या पोटात कळा येतात. गणवेश चढवला की तो रडू लागतो आणि दाराची चौकट घट्ट धरून बसतो. दहा वाजून गेले, शाळेची वेळ टळली, की पोट दुखायचे थांबते. रात्रपाळी करून आलेला बाप चिडतो, शेजारी हसतात. आठवडाभर हेच चालल्यावर आईला शाळेतून बोलावणे येते. तेवढ्या वेळात होणाऱ्या साड्यांची मजुरी बुडवून ती शाळेत जाते. तेथे तिला एक वाक्य मिळते: “बाई, तुम्ही त्याला फार लाडावून ठेवलंय.” तेथून ती दवाखान्यात जाते. तेथे दुसरे वाक्य मिळते: “याला काही झालेलं नाही. नुसती नाटकं आहेत.”

सायंकाळी पाळीवर निघताना बाप विचारतो, “काय म्हणाले?” आई ऐकलेले सांगते. मग बाप मुलाला म्हणतो, “डॉक्टरसुद्धा म्हणतात, तू नाटकं करतोस!” पोट खरोखरच दुखत असलेल्या त्या मुलाच्या दृष्टीने, त्याच्यावर विश्वास ठेवणारी शेवटची दोन माणसेही त्या क्षणी कमी झालेली असतात.

शिक्षक किंवा डॉक्टर दुष्ट असतात असे नव्हे. एकाच्या समोर भरलेला वर्ग असतो, दुसऱ्याच्या दाराशी रुग्णांची रांग असते. परंतु शब्दाचे वजन तो कोणत्या आसनावरून उच्चारला गेला यावर ठरते. शेजारणीने मुलाला लाडावलेला म्हटले तर आई तिला उलट उत्तर देते आणि विसरूनही जाते. गुरुजींनी तेच म्हटले की तो निकाल होतो. शिवाय असा शब्द आईबापांपाशी थांबत नाही. त्यात त्यांची लाज आणि त्यांचा संताप मिसळतो, आणि रात्रीपर्यंत तो मुलापर्यंत पोचतो.

वस्तुतः शाळा चुकविणे आणि शाळेची भीती बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळा चुकविणारा मुलगा दप्तर घेऊन निघतो आणि आईबापांच्या नकळत दुसरीकडे जातो. भ्यालेले मूल आईबापांच्या डोळ्यांदेखत घरीच बसते आणि बहुधा तळमळते. भीतीमुळे पोटात कळ येणे, मळमळणे, डोके दुखणे हे शरीराचे खरे व्यापार आहेत. तपासणीत आजार सापडला नाही म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. घरी राहिल्याने मुलाला तात्काळ सुटल्यासारखे वाटते, आणि त्यामुळेच दुसऱ्या दिवशी शाळा अधिक भयंकर वाटू लागते. भीतीची कारणेही अनेक असू शकतात: वर्गातील दांडगाई, शिक्षकाचा मार, वाचता न येण्याची लाज, घरातील आजारपण किंवा मृत्यू. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी-गुजराती आणि पुस्तकात ग्रांथिक मराठी अशा तीन तऱ्हांत सापडलेले मूल पहिल्या चुकीला झालेल्या हशानेही गप्प होऊ शकते.

तज्ज्ञांचे शब्दही काळाबरोबर बदलले आहेत. १९४१ साली अमेरिकेत ॲडलेड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेस ‘स्कूल फोबिया’ असे नाव दिले आणि तिचे मूळ आई व मूल यांच्या परस्परांवरील अतिरिक्त अवलंबनात शोधले. त्या विचारात बोट साहजिकच आईकडे वळले. जपानमध्ये अशा मुलांच्या वागण्याला ‘तोको क्योही’, म्हणजे शाळेला जाण्यास नकार, असे म्हणत. १९९२ साली तेथील शिक्षण मंत्रालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनी सांगितले की, हे कोणत्याही मुलाच्या बाबतीत घडू शकते. पुढे ‘फुतोको’, म्हणजे शाळेत न जाणे, हा सौम्य शब्द रूढ झाला. आणि अशा न जाण्याकडे केवळ दुर्वर्तन म्हणून पाहू नये, अशी सूचना २०१६ साली मंत्रालयाने दिली. नाव बदलल्याने मुले शाळेत परतली असे कोणी म्हणणार नाही. परंतु घराच्या माथी मारलेला दोष त्याने निश्चित हलका केला.

याविषयी धडा घेण्यासाठी इतके दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. तेथील आदिवासी मुले शाळेत येत नसत. त्यांना आळशी आणि त्यांच्या आईबापांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे होते. या दोघींनी मुले त्या वेळी कोठे असतात आणि काय करतात, हे पाहिले. मुले गुरे राखत होती, धाकटी भावंडे सांभाळत होती. मग शाळाच अंगणात आणि कुरणात गेली. तेथील कारण दारिद्र्याचे होते, भीतीचे नव्हे. परंतु दोष देण्यापूर्वी कारण शोधण्याची ती रीत नवागामलाही उपयोगी पडेल. स्वतः गिजुभाईंनी आईबापांसाठी लिहिलेल्या एका गुजराती पुस्तकाचे नावच ‘आईबाप होणे कठीण आहे’ अशा अर्थाचे आहे.

येथे एक सावधगिरी हवी. केवळ कठोर शब्दच घात करतो असे नाही. “मोठा झाला की आपोआप जाईल,” हा गोड दिलासाही तितकाच घातक ठरू शकतो, कारण त्याच्या भरवशावर महिने निघून जातात आणि परतण्याची वाट अवघड होत जाते. आईबापांना स्तुती नको असते. त्यांना खरे सांगणारे आणि सोबत राहणारे माणूस हवे असते.

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात कलम १७ ने मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे पालकांशी नियमितपणे भेटून मुलाच्या उपस्थितीविषयी बोलणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. ते कसे बोलावे हे मात्र कोणताही कायदा सांगू शकत नाही. तो ज्याच्या त्याच्या विवेकाचा भाग आहे.

गुरुजींना असे म्हणता येईल: “ताई, काम सोडून आलात, बरं केलंत. हे पुष्कळ मुलांच्या बाबतीत होतं. वर्गात काय घडतं ते मी पाहतो, घरी काय घडतं ते तुम्ही सांगा. उद्या त्याला एकच तास आणा. मी फाटकापाशी उभा राहीन.” डॉक्टरांना असे म्हणता येईल: “तपासणीत आजार दिसत नाही, ही चांगली गोष्ट. पण त्याचं पोट खरंच दुखतं, भीतीनं दुखतं. त्याला घरी ठेवू नका, पण रागावूही नका.” आणि भीती तरीही हटली नाही, तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविताना “हा वेडेपणा नाही” एवढे आवर्जून सांगता येईल. १४४१६ या क्रमांकावर शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे, हेही सांगता येईल. यातील कोणत्याही बोलण्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

सायंकाळी नवागाममधील त्या खोलीत बाप पाळीवर निघताना पुन्हा विचारील, “काय म्हणाले?” त्या वेळी आईला सांगता यावे, “गुरुजी उद्या फाटकापाशी उभे राहणार आहेत.” कोपऱ्यात बसलेले मूल ते ऐकत असतेच.