जुन्या लढ्याचा अधिकार किती?

(पावणे येथील सभेत केलेले भाषण)



या खाडीकाठच्या गावात आम्ही बेळगावचा प्रश्न घेऊन आलो आहोत. पण सभेआधीच एक वाद कानावर आला, त्याचा निकाल आधी लावू. जुनी मंडळी म्हणतात, "आम्ही लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला. कोर्टकचेरीनं का कुठं गावं मिळतात? रस्त्यावर या!" तरणी पोरं म्हणतात, "तुमचा काळ गेला, आता गप्प बसा." आम्हाला दोन्ही बोलणी पटत नाहीत.

जुन्यांचा धसका खोटा नाही, बरं का! सीमाप्रश्नासाठी 1966 साली सेनापती बापटांनी म्हातारपणी उपोषण केले. महाजन आयोग नेमला गेला, तो महाराष्ट्राच्याच आग्रहामुळे. आणि 1967 च्या अहवालाने बेळगाव म्हैसूरच्याच पदरात ठेवले! ज्याने हे पाहिले, तो कागदावर विश्वास कसा ठेवणार?

पण 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात घातलेला दावा म्हणजे आयोग नव्हे. आयोग शिफारस करतो, न्यायालय निवाडा देते. वीस वर्षे उलटली तरी अंतिम निकाल नाही, याची चीड आम्हालाही आहे. तरी महाजनांकडे बोट दाखवून दाव्याची किंमत ठरवता येत नाही. त्यासाठी दाव्याची कागदपत्रे वाचावी लागतात, मग वाचणारा वीस वर्षांचा असो की ऐंशीचा.

आणि "1956 सारखे करा" म्हणणाऱ्यांनी एवढे सांगावे : तेव्हा नुसत्या मोर्चांनी काम झाले काय? 105 हुतात्मे झाले, हे खरेच. पण 1957 च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला लोळवले. ज्या सरकारला जाब विचारायचा, त्याच सरकारची खुर्ची आपल्या मतांनी हलत होती. बेळगावच्या मराठी माणसाचे मत आज बेंगळुरूच्या विधानसभेसाठी पडते, आणि राज्यांची हद्द बदलणे संसदेच्या हाती आहे. हत्यार तेच, पण घाव कुठे बसणार?

अनुभव कसा वापरावा, ते तुमच्याच मुलखात पाहा. दि. बा. पाटील 1957 च्या लाटेत पनवेलहून विधानसभेत गेले. 1984 साली सिडकोविरुद्ध लढताना त्यांनी जुनाच डाव पुन्हा मांडला नाही. नुसता वाढीव भाव मागून ते थांबले नाहीत, विकसित जमिनीत शेतकऱ्याचा वाटा मागितला. जानेवारी 1984 मध्ये दास्तान फाटा आणि पागोटे इथे गोळ्या झेलून पाच शेतकरी पडले. पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. समोर कोण आहे, त्याला काय झोंबते, हे त्यांनी नव्याने पारखले.

म्हणून आमचे जुन्यांना हात जोडून सांगणे, तुमची साक्ष आम्हाला हवी. 1957 ला कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन एका मांडवाखाली कसे नांदले, ते सांगा. 1986 ला कन्नड सक्तीविरुद्ध उठलेला मुलूख पुढे गटातटात का फुटला, तेही सांगा, त्यात आपलेच कोण होते हे न लपवता. 2018 ला एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही, 2023 लाही नाही.

आणि पोरांनो, ही माणसे बोलतील तेव्हा वही घेऊन बसा. उलट प्रश्न जरूर विचारा. पुढल्या निवडणुकीत प्रत्येक मतदारसंघात समितीचा एकच उमेदवार कसा राहील, हा पहिला प्रश्न विचारा.